आवाज बसलाय? आधी बघा, मग बोला!

वीकएण्डला ओरडून बसलेला आवाज मंगळवार-बुधवारपर्यंत आपोआप सुटतो. नाही सुटला तर? खडीसाखर, गुळण्या आणि केमिस्टकडच्या गोळ्यांच्या पलीकडे काय असतं, त्याची ही गोष्ट.

जून तोंडावर आला की भंडारदऱ्याला रात्री आठनंतर दोन गोष्टी हमखास भेटतात. एक म्हणजे झाडाझाडांवर एका लयीत लुकलुकणारे काजवे, आणि दुसरी म्हणजे ते बघायला आलेल्या पब्लिकचा आरडाओरडा. काजव्यांना आवाज नसतो, त्यामुळे ती कसर आपण भरून काढतो. वनखातं बिचारं सांगून थकतं की हॉर्न नको, स्पीकर नको, झाडांवर टॉर्च मारू नका. पण शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून पुणे-मुंबईहून निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सतरा जणांना हे कोण समजावणार?

या ट्रिपचा कार्यक्रम ठरलेला असतो. गाडीत स्पीकर फुल्ल, त्याच्यावर ताण करत अंताक्षरी. धरणाच्या पाण्याकाठी तंबू, शेकोटी, शेकोटीचा धूर, धुरातच पुन्हा गाणी. कुणाच्या हातात सिगरेट, कुणाच्या हातात थंडगार ग्लास. तीन तास झोप. रविवारी संध्याकाळी गाडी संगमनेर ओलांडते तेव्हा निम्म्या लोकांचा आवाज गेलेला असतो. सोमवारी सकाळी नऊच्या कॉलला 'हॅलो' म्हणायला तोंड उघडावं, तर आतून नुसती हवा! ऑफिसात मात्र त्याचं भलतंच कौतुक. बसलेला आवाज ही सॉलिड ट्रिप झाल्याची पावतीच.

मी काजव्यांवरच्या एका लेखासाठी अशाच ग्रुपबरोबर तिथे गेले होते. परत आल्यावर काजव्यांपेक्षा आवाज हाच विषय डोक्यात घोळत राहिला, तो दोन माणसांमुळे.

पहिली माझी मैत्रीण. हिंजवडीत यूएस शिफ्टला टीम लीडर, म्हणून आमच्यात तिचं नावच 'टीएल' पडलंय. दिवसाचे, म्हणजे रात्रीचे, सहा-सात तास हेडसेट लावून बोलणं हेच तिचं काम. भंडारदऱ्याहून आल्यावर बाकीच्यांचे आवाज गुरुवारपर्यंत ताळ्यावर आले. टीएलचा आला नाही. तसा तिचा आवाज गेली दोन-तीन वर्षं जरा जाडच होता. 'सेक्सी हस्की' वगैरे म्हणून तिने ते एन्जॉयही केलं होतं. आता मात्र शिफ्टच्या तिसऱ्या तासाला आवाज तुटायला लागला. समोरचा क्लायंट दर वाक्याला 'सॉरी?' म्हणायला लागला.

दुसरा आमचा गाइड. रतनवाडीकडचा, चाळिशी ओलांडलेला. अंधारात काजव्यांची झाडं नेमकी कुठे आहेत हे त्याला पाठ. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, सगळ्यांची ओळख तो करून देत होता, पण अशा आवाजात की कान देऊनच ऐकावं लागत होतं. कोरडा, खरखरीत, मध्येच गायब होणारा आवाज.

"दादा, आवाजाला काय झालंय?"

"काय न्हाई ताई. शिमग्याला बोंबललो, तवापासून बसलाय."

शिमगा म्हणजे मार्च आणि आम्ही बोलत होतो ते जूनमध्ये. शिमग्याची बोंब तीन महिने टिकत नाही, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही.

बसतो म्हणजे नेमका कुठे बसतो?

मराठीत आपण 'घसा बसला' आणि 'आवाज बसला' एकाच अर्थाने म्हणतो. गडबड इथूनच सुरू होते. घसा म्हणजे आपण जिथून गिळतो ती जागा. आवाज तयार होतो त्याच्या खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्रात. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो ना, त्याच्या आतल्या बाजूला. तिथे दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असलं तरी त्या सतारीच्या तारा नव्हेत. मऊ, ओल्या, पडद्यासारख्या दोन घड्या असतात आणि त्यांची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. बायकांमध्ये त्याहूनही कमी. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात.

किती थरथरतात? पुरुषाच्या नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. टीएलचा हिशेब मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. शिफ्टमधले पॉज, समोरच्याचं बोलणं, सगळं वगळून निव्वळ एक तास आवाज निघतो असं धरलं, तरी सात लाख वीस हजार वेळा त्या दोन घड्या एकमेकींवर आदळतात. एका रात्रीत!

आता त्यात स्पीकर आणून ठेवा. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने ही गोष्ट १९११ मध्ये नोंदवली, म्हणून तिला 'लोम्बार्ड इफेक्ट' म्हणतात. आपण ठरवून ओरडत नाही, कानच आपल्याला ओरडायला लावतात. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये हेच होतं, पबमध्ये हेच होतं, आणि ओपन ऑफिसात शेजारचे बाराजण एकदम कॉलवर असतात तेव्हाही हेच होतं. पावसाळ्यात रंधा धबधब्यासमोर उभं राहून फोनवर 'ऐकू येतंय का?' विचारणाऱ्यांचंही तेच.

एका रात्रीच्या ओरडण्याने स्वरतंतूंना सूज येते, ते जड होतात, नीट मिटत नाहीत आणि मधून हवा निसटते. आपण त्याला घोगरा आवाज म्हणतो. सर्दी-खोकल्याच्या व्हायरसनेही हेच होतं. दोन्ही प्रकारांत आवाजाला आराम दिला, की बहुतेकांचा आवाज आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतो. औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. म्हणूनच प्रत्येकाच्या घरचा उपाय शंभर टक्के 'काम करतो'.

खडीसाखरेचा पत्ता चुकतो

टीएलने केलेल्या उपायांची यादी मी वहीत लिहून घेतली. मिठाच्या गुळण्या. हळद-दूध. आईने दिलेलं ज्येष्ठमध. सासूबाईंचं आलं-मध. ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं लवंग-कंकोळ. कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलेल्या पाच दिवसांच्या अँटिबायोटिक्स. दुसऱ्या कुणीतरी 'अ‍ॅसिडिटीने होतं गं' म्हटलं म्हणून महिनाभर रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळ्या. एवढं सगळं झालं, पण स्वरतंतू कुणी बघितले का? कुणीच नाही.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. खडीसाखर चघळून बरं वाटतं, लाळ सुटते, घशातली कोरड जाते. पण एक साधी गोष्ट आपण विसरतो. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंवर पडतच नाही. तिथे मधाचा एक थेंब जरी गेला तरी ठसका लागून डोळ्यांत पाणी येईल. पाण्याचंही तसंच. पाणी भरपूर प्यायचं ते सगळ्या शरीराला आतून ओलावा मिळावा म्हणून. थेट ओलावा हवा असेल तर तो वाफेतून मिळतो, कारण वाफ श्वासाच्या वाटेने जाते. आणि ज्येष्ठमध दिवसरात्र चघळणाऱ्यांसाठी सांगायला हवं, की त्याचा अतिरेक झाला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बाबांना ते मूठभर देऊ नका.

अँटिबायोटिक्सचं तर अगदी स्पष्ट आहे. आवाज बसण्याचं नेहमीचं कारण व्हायरस किंवा ताण. दोघांवरही अँटिबायोटिक्स चालत नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २००९ मध्ये घोगऱ्या आवाजासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये सुधारल्या. त्यात हे सरळ म्हटलंय की अशा आवाजावर सरसकट अँटिबायोटिक्स देऊ नका. स्वरयंत्र बघितल्याशिवाय स्टेरॉइड सरसकट देऊ नका. आणि नुसत्या अंदाजाने, न बघता, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याही देऊ नका.

स्टेरॉइडचं नाव आलं म्हणून एक गोष्ट. 'उद्या शो आहे, आज एक इंजेक्शन मारा' हा प्रकार गाणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या जगात सर्रास ऐकू येतो. सूज उतरते, आवाज उघडतो आणि माणूस त्या दुखऱ्या तंतूंवर पुन्हा तीन तास ओरडतो. तंतूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असेल तर हा जुगार फार महागात पडू शकतो. ते इंजेक्शन कधीच देत नाहीत असं नाही. पण आधी आत बघायचं आणि मग द्यायचं.

त्याच सूचनांमध्ये एक आकडा आहे, आणि या लेखातला एकच आकडा लक्षात ठेवायचा तर तो ठेवा. चार आठवडे. २००९ मध्ये तज्ज्ञ म्हणत होते की तीन महिन्यांच्या आत स्वरयंत्राची तपासणी व्हावी. २०१८ मध्ये ती मुदत कमी करून चार आठवड्यांवर आणली. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर दुर्बिणीने स्वरतंतू बघायचेच. काही जणांनी तेवढंही थांबायचं नसतं. विडी-सिगरेट ओढणारे, मानेत गाठ लागलेले, थुंकीतून रक्त जाणारे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणारे, विनाकारण वजन उतरलेले, गळ्यावर किंवा छातीवर नुकतंच ऑपरेशन झालेले. आणि ज्यांचं पोट आवाजावर चालतं तेसुद्धा. टीएल शेवटच्या प्रकारात बसत होती आणि गाइडदादा पहिल्या.

जीभ बाहेर काढा, आणि म्हणा 'ईईई'

टीएलबरोबर मी पुण्यातल्या एका व्हॉइस क्लिनिकमध्ये गेले. तिला वाटत होतं की घशात नळी घालणार, भूल देणार, सुट्टी टाकावी लागणार. प्रत्यक्षात आतली तपासणी दहा मिनिटांत संपली. त्याआधीचे प्रश्नच जास्त वेळ चालले.

आवाज एकदम गेला की हळूहळू? सकाळी वाईट असतो की संध्याकाळी? ओरडताना अचानक कट झाला का? (झाला असेल तर तंतूत रक्त उतरण्याची शक्यता असते.) रोज किती तास बोलता? सिगरेट? दम्याचा पंप घेता का? पंपातल्या स्टेरॉइडनेही आवाज बसतो, पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, हे किती जणांना माहीत असतं? थायरॉइडची तपासणी कधी केली होती? थायरॉइड मंदावलं तरी आवाज जाड होतो. मध्येच डॉक्टर तिचं बोलणं नुसतं ऐकत होते. आवाज किती खरखरीत आहे, किती हवा निसटते, किती जोर लावावा लागतो, याला ते मार्क देतात. मग एक दीर्घ श्वास घेऊन 'आ' म्हणायला लावलं आणि घड्याळ लावलं. निरोगी माणूस पंधरा-वीस सेकंद सहज धरतो. टीएल नवव्या सेकंदाला संपली.

मग खुर्ची. घशात बधिर करणारा स्प्रे, जीभ कापडाच्या तुकड्यात धरून बाहेर, तोंडातून एक बारीक दुर्बीण मागच्या भिंतीपर्यंत, आणि 'म्हणा ईईई'. ज्यांना तोंडातून उमासे येतात त्यांच्यासाठी नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण असते. समोरच्या स्क्रीनवर टीएलने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बघितला. सेकंदाला दोनशे वेळा हलणारी गोष्ट डोळ्याला कशी दिसणार? त्यासाठी स्ट्रोबोस्कोपी असते. दिवा अशा हिशेबाने उघडझाप करतो की तंतू स्लो मोशनमध्ये हलल्यासारखे दिसतात, अगदी समुद्राच्या लाटेसारखे.

हे तंतू जिवंत माणसात नीट बघण्याची वाट कुणा डॉक्टरने नाही, तर एका गाण्याच्या मास्तराने दाखवली. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. १८५४ मध्ये त्याने दाताच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा स्वतःच्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडला, आणि स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. त्याआधी सगळा अंदाजच होता. आपण केमिस्टच्या काउंटरवर आजही त्या आधीच्याच काळात उभे असतो.

टीएलच्या स्क्रीनवर दिसलं ते असं. दोन्ही तंतूंवर, बरोबर समोरासमोर, एकेक बारीक पांढुरका उंचवटा. नोड्यूल्स. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात ना, तसेच हे आवाजाचे घट्टे. तंतू मिटायला गेले की हे दोघं आधी टेकतात आणि आजूबाजूला फट राहते. तिथून हवा निसटते. ती फट बुजवायला माणूस आणखी जोर लावतो आणि घट्टे आणखी वाढतात. 'गाठी' हा शब्द ऐकून टीएलचा चेहरा पडला. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की नोड्यूल्सचा कॅन्सर होत नाही. आणि ऑपरेशनही नाही, निदान आत्ता तरी नाही.

याच क्लिनिकच्या बाहेर बसलेल्या सात-आठ जणांचे आवाज मला साधारण सारखेच वाटले. पण आत गेल्यावर प्रत्येकाचं निदान वेगळं निघू शकतं. एकदाच जोरात ओरडून एका तंतूवर आलेला पॉलिप. वर्षानुवर्षांच्या सिगरेटने तंतूंमध्ये साचलेलं पाणी. स्वरयंत्राचा टीबी, तोही आपल्याकडे अजून दिसतो. तंतू अगदी स्वच्छ, पण मानेचे स्नायूच आवळलेले. किंवा एक तंतू हलतच नाही. हा शेवटचा प्रकार चक्रावून टाकणारा आहे. डाव्या तंतूला हलवणारी नस थेट गळ्यात येत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि मग वर येते. त्यामुळे फुप्फुसातल्या ट्यूमरची पहिली तक्रार कधी कधी बसलेला आवाज ही असते. घसा ठणठणीत आणि बिघाड छातीत! आवाज ऐकून यातलं काहीच सांगता येत नाही. भल्याभल्या तज्ज्ञालाही नाही.

शिमग्यापासूनचा आवाज

गाइडदादाला टीएलनेच फोन केला. दोन बसक्या आवाजांचा तो संवाद ऐकण्यासारखा होता. "दादा, तुम्ही दाखवून या." "ताई, आता सीझन हाये." काजवे संपले की पाऊस, पाऊस म्हणजे धबधबे, मग रतनगड आणि कळसूबाईचे ट्रेकर्स. त्याचा सीझन संपतच नाही. शिवाय शेंडीत दुर्बीण कुठली? सर्दी-तापाला राजूर-अकोले ठीक आहे. पण स्वरतंतू बघणारा तज्ज्ञ म्हणजे सत्तर किलोमीटरवरचं नाशिक. किंवा प्रवरेच्या काठाकाठाने खाली उतरून लोणी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. विल्सन धरणाचं पाणी १९२६ पासून त्याच वाटेने खाली जातंय. त्या पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्या माणसाला मात्र घसा दाखवायला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोडावं लागतं. आपल्याला चार आठवड्यांची मुदत सांगणं सोपं आहे. हिंजवडीतून क्लिनिक वीस मिनिटांवर असतं. ट्रॅफिक नसेल तर!

शेवटी तो नाशिकला गेला, पुतण्याच्या मोटरसायकलवर. उजव्या तंतूवर पांढरा चट्टा निघाला. पंचवीस वर्षं विडी ओढत होता. भूल देऊन, तोंडातूनच, सूक्ष्मदर्शकाखाली तो चट्टा काढला आणि तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. पेशी बदलायला सुरुवात झालेली, पण अजून कॅन्सर नाही. विडी पूर्ण बंद, आणि ठरावीक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण.

स्वरतंतूंच्या कॅन्सरबद्दल एक गोष्ट आपल्याकडे नीट बोलली जात नाही. तो फार लवकर बोंब मारतो. इतर अवयवांत गाठ मोठी होईपर्यंत पत्ता लागत नाही. इथे मात्र तांदळाच्या दाण्याएवढा बदल झाला तरी आवाज बिघडतो. पहिल्या टप्प्यात सापडला तर रेडिएशनने किंवा लेसरने दहापैकी जवळपास नऊ जणांच्या तंतूंवरून तो आटोक्यात येतो आणि बहुतेकांचं स्वरयंत्रही वाचतं. उशीर झाला तर अख्खं स्वरयंत्र काढायची वेळ येते. म्हणून ब्रिटनमध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसाचा आवाज विनाकारण बसून राहिला, तर कॅन्सरच्या शंकेने त्याला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करा, असं फॅमिली डॉक्टरांना सांगितलेलं आहे. आपल्याकडे तंबाखू-विडी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होते. त्यामुळे पंचेचाळिशीची वाट बघण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

ग्लासात स्ट्रॉ, आणि बुडबुडे

टीएलला गोळ्या मिळाल्या नाहीत याचं तिला भारी आश्चर्य वाटलं. मिळाली ती स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट. आठवड्यातून एकदा, साधारण दोन महिने.

पहिल्याच दिवशी तिच्या हातात पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ दिली. स्ट्रॉचं टोक पाण्यात बोटभर बुडवायचं आणि 'ऊऊ' असा आवाज काढत बुडबुडे सोडायचे. तोंड थोडं बंद ठेवून आवाज काढला की मागे हवेचा हलका दाब तयार होतो आणि तंतू एकमेकांवर न आपटता अलगद थरथरतात. लहान मुलं ओठांनी गाडीचा 'ब्रर्रर्र' आवाज काढतात, तोही या व्यायामाचाच भाऊ. मग 'म्म्म' करत नाकाच्या आसपास गुंजन जाणवू द्यायचं आणि तोच आवाज शब्दांत आणायचा. श्वास वाक्याच्या मध्ये घ्यायचा, तो संपेपर्यंत रेटायचं नाही. ऐकायला फुसकं वाटतं. टीएलही पहिल्या आठवड्यात म्हणाली, "अगं, बुडबुडे काढायला मी पैसे देतेय!" तिसऱ्या आठवड्यात ती 'आ' सोळा सेकंद धरत होती.

सवयी सुटायला जास्त वेळ लागला. दर दोन मिनिटांनी 'ख्खं' करून घसा साफ करणं, हे तंतूंना थोबाडीत मारल्यासारखं असतं. त्याऐवजी घोटभर पाणी. आवाज बसला की आपण कुजबुजतो, पण कुजबुजतानाही बरेच जण स्वरयंत्र आवळतात. त्यापेक्षा हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं, नाहीतर सरळ गप्प बसावं. टीएलचा चहा मात्र बंद झाला नाही. चहा-कॉफीने आवाज सुकतो असं सगळे म्हणतात, पण त्याला फारसा पुरावा नाही, असं थेरपिस्टनेच सांगितलं. मला त्या बाई तिथेच आवडल्या!

थेरपीने सगळंच सुटतं असं नाही. पॉलिप बऱ्याचदा काढावाच लागतो, आणि त्यानंतर काही दिवस संपूर्ण मौन. न हलणाऱ्या तंतूला आतून इंजेक्शनने फुगवून किंवा ऑपरेशनने मध्ये सरकवून दुसऱ्याला टेकवता येतं. पण टीएलसारख्या घट्ट्यांना आधी थेरपी. कारण घट्टे कापले आणि बोलण्याची पद्धत तीच राहिली, तर ते परत येतात.

हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या कॉलेजात वाचा-श्रवणाचा कोर्स साठच्या दशकापासून आहे आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून. गाण्याच्या बाजूने बघाल तर प्रा. बी. आर. देवधरांनी आवाजाचा अभ्यास त्याहूनही कितीतरी आधी सुरू केला आणि त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. अशोक रानड्यांनी तो नट, निवेदक, गायक अशा सगळ्यांपर्यंत नेला. गायकाचा आवाज जातो तेव्हा काय होतं, हे आपल्याला किशोरीताई आमोणकरांमुळे ठाऊक आहे. ऐन तरुणपणी त्यांचा आवाज गेला होता आणि गाणं काही काळ थांबलं होतं. परत आल्या त्या स्वतःचं असं गाणं घेऊन. पण कॉल सेंटरमधली मुलगी, शाळेतल्या बाई, भाजी विकणारे मामा, कंडक्टर यांचा आवाज जातो तेव्हा 'जरा कमी बोला' एवढाच सल्ला मिळतो. कमी बोलून त्यांचं भागणार कसं?

शिक्षकांचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक सुमारे अठ्ठावन्न टक्के निघाले. इतर पेशांत हे प्रमाण एकोणतीस टक्के होतं. बरोबर दुप्पट. आपल्याकडे साठ पोरांचा वर्ग, वर गरगरणारा पंखा आणि खिडकीबाहेरचा हॉर्न धरला, तर काय होत असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

टीएलने परवा एचआरला मेल टाकला. खुर्ची पाठीसाठी चांगली हवी म्हणून कंपनी खर्च करते, डोळ्यांसाठी स्क्रीनला फिल्टर देते, मग आवाजाचं काय? तिने तीनच गोष्टी मागितल्या. हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज थोडा ऐकू येईल असं सेटिंग, म्हणजे माणूस विनाकारण ओरडत नाही. दर दोन तासांनी दहा मिनिटं कॉलविना. आणि वर्षाच्या मेडिकल चेकअपमध्ये, ज्यांना घोगरेपणा आहे त्यांच्यासाठी, एक दुर्बीण. पहिली मान्य झालीय. दुसरी 'अंडर रिव्ह्यू' आहे. तिसरीवर उत्तर आलं की इन्शुरन्सवाल्यांना विचारून सांगतो. टीएलने रिमाइंडर टाकलाय, आणि शुक्रवारी स्वतः जाऊन बोलणार आहे.